जुन्या नेटवर्कमध्ये नवा लॅपटॉप आला, तर वाकायचं कोणी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. ऐरोलीतलं दुमजली रो-हाऊस. तळमजल्यावर बाबांचा विंडोज ७ चा पीसी, त्यात सोसायटीच्या हिशेबाच्या एक्सेल फायली आणि नोटिसा. त्यालाच यूएसबीने जोडलेला जुना लेझर प्रिंटर. जिन्याखाली दोन डिस्कचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी, त्यात घरातले सगळे फोटो. इंटरनेट आता फायबरचं, त्याचा बॉक्स वरच्या खोलीत. तिथून खाली केबल सोडून जुना राउटरही चालू ठेवलाय. अशा घरात विंडोज ११ प्रोचा नवा लॅपटॉप आला. इंटरनेट उत्तम चालतं, पण बाबांचा पीसी कधी दिसतो, कधी दिसत नाही. नॅस उघडायला गेलं की ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे’ अशी एरर येते, प्रिंटर जोडताना ‘११बी’ने संपणारा एरर क्रमांक येतो, आणि पेनड्राइव्हने आणलेल्या नोटिसा उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मित्राने सांगितलं: एसएमबी-१ चालू कर, फायरवॉल बंद कर, पासवर्डवालं शेअरिंग काढून टाक.

या तिन्हींतलं काहीही करू नका. यूट्यूबवरही हाच सल्ला पहिला मिळतो आणि बऱ्याचदा त्याने काम होतं, म्हणूनच तो टिकून आहे. पण त्यात नव्या मशिनची सुरक्षा जुन्या मशिनच्या वयाला आणून ठेवली जाते. एसएमबी म्हणजे विंडोजमध्ये फोल्डर आणि प्रिंटर शेअर करण्याची बोली. तिची पहिली आवृत्ती विंडोज एक्सपीच्या आणि त्याहूनही आधीच्या जमान्यातली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो तिच्यातल्याच भोकातून, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये ती आपोआप बसवून देणं थांबवायला सुरुवात केली. आणि बाबांच्या पीसीसाठी तिची गरजच नाही. विंडोज व्हिस्टापासून दुसरी आवृत्ती आली, विंडोज ७ ला २.१ येते, आणि विंडोज ११ तिच्याशी व्यवस्थित बोलतं. अडचण दुसरीकडेच आहे.

माझा नियम साधा आहे: नव्याने खाली वाकायचं नाही, जुन्याला जमेल तेवढं वर आणायचं, आणि जिथे ते जमत नाही तिथे मध्ये एक दुवा ठेवायचा. तुमच्या घरी हा दुवा आधीच आहे, त्याबद्दल नॅसच्या वेळी सांगतो.

पहिला संशय त्या दोन राउटरांवर. ‘कधी दिसतो, कधी नाही’ हे वाचल्यावरच मला ते जाणवलं. वर असताना लॅपटॉप फायबर बॉक्सचा वाय-फाय पकडतो, खाली आला की जुन्या राउटरचा. फायबर बॉक्स हा स्वतःच राउटर आहे. त्यातून निघालेली केबल जुन्या राउटरच्या ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ लिहिलेल्या, बहुतेक वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये घातली की घरात दोन नेटवर्कं तयार होतात, एकाच्या पोटात दुसरं. खात्री करायला दोन्ही मशिनांवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. लॅपटॉपवर १९२.१६८.२९ ने सुरू होणारा पत्ता (जिओच्या बॉक्सचा पत्त्यांचा ठरलेला पट्टा हाच) आणि बाबांच्या पीसीवर १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ने सुरू होणारा दिसला, तर निदान झालं. अशा रचनेत आतल्या राउटरमागचा पीसी बाहेरच्या लॅपटॉपपर्यंत पोचू शकतो, पण लॅपटॉपला आत शिरता येत नाही. दोन्ही राउटर एकच पट्टा वाटत असतील तर आणखी फसगत, कारण पत्ते शेजारचे दिसतात पण मशिनं वेगवेगळ्या नेटवर्कांत असतात.

पिंग करून, म्हणजे एका मशिनवरून दुसऱ्याला हाक मारून, बघणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. विंडोजची फायरवॉल बऱ्याच वेळा पिंगला उत्तरच देत नाही. उत्तर आलं तर रस्ता नक्की आहे, नाही आलं तर त्यावरून काहीच ठरत नाही.

यावर उपाय म्हणजे जुन्या राउटरचं राउटरपण काढून घ्यायचं. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, काम तिथेच संपलं. नसेल तर हाताने करा, पण याच क्रमाने: आधी बाबांच्या पीसीवरून राउटरच्या पानात जाऊन त्याचा स्वतःचा लॅन (घरातल्या नेटवर्कमधला) पत्ता फायबर बॉक्सच्या पट्ट्यातला द्या, बॉक्स इतरांना वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा. शेवटी वरून आलेली केबल वॅन पोर्टमधून काढून साध्या लॅन पोर्टमध्ये घाला. क्रम उलटा केलात तर घरात दोन राउटर पत्ते वाटत बसतात आणि मग कोणालाच काही कळेनासं होतं. नंतर सगळी मशिनं एकदा रीस्टार्ट करा. कोणाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला तर त्याचा अर्थ त्याला कुणीच पत्ता दिला नाही. केबल किंवा पोर्ट तपासा.

तिथे आहातच तर जुन्या राउटरची वाय-फाय सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२’ आणि ‘एईएस’वर आहे ना ते बघा. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या, कमकुवत पद्धती असतील तर बदला. उलट बाजूने, फायबर बॉक्सवर फक्त ‘डब्ल्यूपीए३’ ठेवलंत तर घरातली जुनी वाय-फाय उपकरणं गळून पडतात. दोन्ही चालणारा मिश्र पर्याय निवडा. आणि घरातलं कुठलंही मशिन ‘गेस्ट’ वाय-फायवर नको. पाहुण्यांना घरातली मशिनं दिसू नयेत, यासाठीच ते केलेलं असतं.

आता लॅपटॉप. विंडोज ११ नवीन नेटवर्कला ‘पब्लिक’ मानतं, म्हणजे वाशी स्टेशनवरचं वाय-फाय आणि तुमचं घर त्याच्या लेखी सारखंच. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे चालू वाय-फायचे गुणधर्म, आणि ‘प्रायव्हेट’. मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये फक्त प्रायव्हेटखालचं ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. एवढं केलं की फायरवॉल हवी तेवढी वाट स्वतःच मोकळी करते, ती बंद करण्याचं कारणच उरत नाही. बाबांच्या पीसीवर ‘होम नेटवर्क’ निवडलेलं असावं. नव्या लॅपटॉपसोबत चाचणीपुरता अँटिव्हायरस आला असेल तर त्याची वेगळी फायरवॉल असते आणि ती विंडोजचं ऐकत नाही. मी तर तो काढूनच टाकतो, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घराला पुरतो.

होमग्रुप शोधत बसू नका. विंडोज ७ मधली ती सोय विंडोज १० मधूनच २०१८ साली काढून टाकली. वर्कग्रुपचं नाव सारखं करायचा खटाटोपही नको, फाइल उघडण्याशी त्याचा संबंध नाही.

यानंतरही ‘नेटवर्क’च्या खिडकीत पीसी दिसला नाही तर घाबरू नका. ती खिडकी म्हणजे फक्त यादी, आणि ती नेहमीच अर्धवट असते. थेट पत्ता टाका: एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत \\१९२.१६८.२९.६० असं, अर्थात इंग्रजी आकड्यांत. उघडलं तर नेटवर्क ठीक आहे. हा पत्ता बदलू नये म्हणून फायबर बॉक्सच्या सेटिंगमध्ये तो बाबांच्या पीसीसाठी राखून ठेवा, नाहीतर एकदा लाईट जाऊन आली की मशिनं पत्ते बदलून बसतात आणि पुन्हा ‘काल चालत होतं’ सुरू होतं. त्याच पीसीचं ‘स्लीप’ही बंद करा. झोपलेलं मशिन कोणालाच दिसत नाही.

पुढचा टप्पा नाव आणि पासवर्ड, आणि निम्मी माणसं इथेच हात टेकतात. बाबांच्या खात्याला पासवर्ड नसणार, हे न विचारताच सांगतो. बटण दाबलं की डेस्कटॉप आला पाहिजे, ही त्या पिढीची रास्त अपेक्षा. पण रिकाम्या पासवर्डच्या खात्याने नेटवर्कवरून आत यायला विंडोज मुळात परवानगीच देत नाही. म्हणून लोक पासवर्डवालं शेअरिंग बंद करतात आणि घराच्या वाय-फायवर आलेल्या कोणालाही सोसायटीचे हिशेब खुले होतात.

त्याऐवजी त्या पीसीवर एक वेगळं साधं खातं काढा, समजा ‘घर’ नावाचं (नाव इंग्रजीत द्या), त्याला चांगला पासवर्ड द्या. हवा तो फोल्डर शेअर करून ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ अशा दोन्ही टॅबमध्ये या खात्याला परवानगी द्या. एकाच ठिकाणी दिली तर फोल्डर दिसतो पण उघडत नाही. आता एक जास्तीचं काम, जे केलं नाही तर बाबांचा फोन येणारच: दोन खाती झाल्यावर पीसी सुरू होताना ‘कोण?’ असं विचारायला लागेल. स्टार्टमधून ‘कंट्रोल यूजरपासवर्ड्स२’ चालवून बाबांचं नाव निवडा, ‘वापरकर्त्याने नाव व पासवर्ड द्यावा’ यावरची खूण काढा, ओके. पीसी पुन्हा थेट डेस्कटॉपवर येईल.

लॅपटॉपवर विचारलं की नाव लिहिताना आधी बाबांच्या पीसीचं नाव, मग एक तिरकी रेघ (\), मग खात्याचं नाव. नुसतं ‘घर’ लिहिलं तर लॅपटॉप ते स्वतःचं खातं समजू शकतो. आधी चुकीचं नाव ‘लक्षात ठेवा’ म्हणून टाकलेलं असेल तर क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) ते पुसा, कारण ते गुपचूप वापरलं जातं आणि नकार येत राहतो. उलट दिशेने, म्हणजे बाबांच्या पीसीवरून लॅपटॉपमधलं काही उघडायचं असेल, तर लॅपटॉपचा पिन चालत नाही. पिन त्या मशिनपुरताच असतो. तिथेही एक स्थानिक खातं काढलेलं बरं.

नॅसकडे वळू. ती ‘संस्था’ वगैरे वाचून दचकू नका, घरच्या संगणकावरही मजकूर तोच येतो. तुमचा नॅस आजवर पाहुणा म्हणून, नाव-पासवर्ड न विचारता सगळ्यांना आत घेत होता. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्ये असा पाहुणा-प्रवेश बंद झाला, शिवाय प्रत्येक संदेशावर डिजिटल सही हवी असा आग्रह सुरू झाला. पाहुण्याला सही करता येत नाही. होम आवृत्तीत हे दोन्ही इतकं कडक नाही, म्हणून शेजाऱ्याच्या लॅपटॉपवर तोच नॅस उघडतो आणि तुमच्या नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या वहीत, जाऊन पाहुण्याला परत आत घ्यायचा उपाय सगळीकडे लिहिलेला आहे. तो करू नका. नॅसच्या पानावर जाऊन एक वापरकर्ता काढा, पासवर्ड द्या, फोटोंच्या फोल्डरवर हक्क द्या. आणि त्याच पानावर ‘विंडोज शेअरिंग’ किंवा ‘सांबा’च्या खाली एसएमबी-२ किंवा ३ चा पर्याय शोधा. बऱ्याच जुन्या नॅसमध्ये तो असतो, पण बंद असतो. त्यासाठी नॅसचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) आधी अद्ययावत करावं लागेल.

पर्याय नसेलच, नॅसला फक्त एसएमबी-१ येत असेल, तर आता तो दुवा कामाला येतो. विंडोज ७ ला दोन्ही बोल्या येतात. बाबांच्या पीसीने नॅसमधून फोटो ओढून घ्यावेत आणि लॅपटॉपने ते पीसीकडून, दुसऱ्या आवृत्तीने घ्यावेत. किंवा त्याहून सरळ, पीसीला मोठी यूएसबी डिस्क लावून त्यावर उतरवा. मग नॅस निवृत्त करा. एवढ्या जुन्या फिरत्या डिस्कवर फोटोंची एकमेव प्रत असेल तर नेटवर्कची कामं नंतर, आधी ही प्रत काढा. नॅसमधली डिस्क काढून थेट लॅपटॉपला लावायचा मोह मात्र टाळा. आत बहुधा लिनक्सची मांडणी असते, ती विंडोजला वाचता येत नाही आणि ते ‘फॉरमॅट करू का?’ विचारतं. त्या खिडकीवर घाईत ‘हो’ म्हटलं की फोटो गेले.

किती वेळ लागेल? जुन्या राउटरचे पोर्ट बहुधा १०० मेगाबिटचे, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११-१२ मेगाबाइट. २०० जीबी फोटोंना पाचेक तास. रात्री लावून ठेवा. वरून खाली आलेली केबलही बघा. पूर्वी केबलवाले आठपैकी चारच तारा जोडून मोकळे व्हायचे, आणि तेव्हा ते पुरतही होतं, पण गिगाबिटला आठही लागतात. खिडकीबाहेरून आणलेली असेल तर पावसाळ्यांनी तिच्या पिना काळ्या पडलेल्या असतात, टोकं नवीन बसवून घ्या. नवीन टाकायचीच तर कॅट-६ टाका.

प्रिंटरशी मात्र मी भांडत बसत नाही. लॅपटॉपला यूएसबी लावून छापा. खरंच. नेटवर्कवरून छापण्याच्या वाटेत २०२१ मध्ये मोठी भोकं सापडली. त्यांच्या दुरुस्त्यांनी नव्या आणि जुन्या मशिनांमधलं प्रिंटर शेअरिंग जागोजागी मोडलं. ‘११बी’वाली एरर त्यातलीच, त्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर ती घरोघरी दिसू लागली. रजिस्ट्रीत एक शून्य टाकून ती जाते, आणि बंद केलेलं भोक पुन्हा उघडतं. त्यात बाबांचं विंडोज ७ जर ३२ बिटचं असेल तर त्याच्याकडे ६४ बिटचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) बहुधा नसतोच, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटचंच असतं.

तरी खालच्या प्रिंटरवर वरूनच छापायचं असेल तर एक वाट आहे. आधी लॅपटॉपवर त्या प्रिंटरचा ६४ बिटचा ड्रायव्हर बसवा. मग ‘अ‍ॅड प्रिंटर’मध्ये हाताने जोडायचा पर्याय घेऊन ‘लोकल प्रिंटर’, नवीन पोर्ट, प्रकार ‘लोकल पोर्ट’, आणि पोर्टचं नाव म्हणून \\पीसीचं-नाव\प्रिंटरचं-शेअरनाव. यात ड्रायव्हर जुन्या मशिनकडून मागितलाच जात नाही, म्हणून भांडणही होत नाही. आधी त्या ‘घर’ खात्याने फोल्डर एकदा उघडून ठेवलेला असावा. लॅपटॉप स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा असेल तर मात्र त्याला त्या प्रोसेसरच्या जातीचा, म्हणजे एआरएमचा, ड्रायव्हर लागतो आणि इतक्या जुन्या लेझरसाठी तो मिळणं कठीणच. मग फाइल पीडीएफ करून शेअर फोल्डरमध्ये टाकायची, बाबांनी छापायची. गावठी आहे, पण कधीच बिघडत नाही.

बाबांच्या पीसीचं इंटरनेट बंद करा असं सांगितलं तर घरात वाद होईल, तरी सांगतो. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून दुरुस्त्या मिळत नाहीत, क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. फायबर बॉक्सच्या ‘पॅरेंटल कंट्रोल’मधून तेवढ्या मशिनचं इंटरनेट अडवता येतं. घरातलं शेअरिंग आणि छपाई चालूच राहते. बँकेची कामं लॅपटॉपवर किंवा फोनवर. रबाळे-महापे एमआयडीसीतल्या छोट्या युनिटांमध्ये अजून एक्सपीवर चालणारी यंत्रं आहेत. शहाणे मालक ती नेटवर्कला जोडतच नाहीत, फाइल पेनड्राइव्हने जाते. आणि हिशेबाच्या फायलींची मूळ प्रत आता लॅपटॉपवर असू द्या, बाबांच्या पीसीवर तोच फोल्डर नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडा. लॅपटॉप घराबाहेर गेला की त्यांचं काम अडेल, तेव्हा दोघांत आधी बोलून घ्या.

राहिला मराठीचा काला. त्याचा नेटवर्कशी काही संबंध नाही. बाबांनी नोटिसा श्री-लिपी किंवा तसल्या जुन्या फाँटमध्ये टाइप केल्या आहेत, आणि त्यात ‘क’च्या जागी साठवलेलं असतं कुठलंसं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, फाँट फक्त त्याला मराठी कपडे घालतो. लॅपटॉपवर तो फाँट नाही, म्हणून अंगचं रूप दिसतं. फाइल खराब झालेली नाही, कृपया त्यावर ‘सेव्ह’ मारू नका. वर्डमध्ये मजकूर निवडून वर फाँटचं नाव वाचा, बाबांच्या पीसीच्या फाँट्स फोल्डरमधून तो फाँट लॅपटॉपवर बसवा, नोटीस पूर्वीसारखी दिसेल. नव्या नोटिसा युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, करा. जुन्यांपैकी ज्या परत लागणार, म्हणजे वार्षिक सभेचा मसुदा, थकबाकीचं पत्र वगैरे, तेवढ्याच फाँट-कन्व्हर्टरमधून बदलून घ्या आणि र-फार नि जोडाक्षरं डोळ्याखालून घाला, कारण तिथेच तो चुकतो.